भंगाळे सरांची सोपी पद्धत

अभिमन भंगाळे सर मुख्याध्यापक झाले, यात त्यांचा स्वतःचा काही दोष नव्हता. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्यामागच्या बाईंनी 'मला ही कटकट नको' असं संस्थेला लिहून दिलं, आणि तिसऱ्या नंबरावरचे भंगाळे सर नेमके त्या दिवशी रजेवर नव्हते, एवढंच कारण. आमळखेडं हे रावेरपासून अकरा किलोमीटरवरचं, केळीच्या बागांत बुडालेलं गाव. तिथल्या खाजगी संस्थेच्या शाळेत, पाचवी ते दहावीला, सर एकोणतीस वर्षं गणित शिकवत आले होते. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते कसं काढायचं हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं: काहीही न करता.

गाव त्यांना आळशी म्हणे. हा सरांवर अन्याय आहे. साधा आळशी माणूस काम टाळतो; सर काम टाळण्यासाठी अफाट मेहनत घेत. चाचणीचे पेपर तपासायला लागू नयेत म्हणून पोरांनी एकमेकांचे पेपर तपासायचे, ही रीत त्यांची. प्रार्थनेला उभं राहावं लागू नये म्हणून घंटेजवळ कोणीतरी जबाबदार माणूस हवा असा नियम त्यांनी काढला, आणि घंटेजवळ खुर्ची ठेवली. त्यांची बायको सुनंदाबाई म्हणे, "या माणसानं कामचुकारपणात पीएचडी केली असती, पण तिथंसुद्धा प्रबंध लिहावा लागतो."

त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे हजेरीपट. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक वर्गशिक्षकाला हजेरीचा गोषवारा काढावा लागतो. अनुसूचित जातीचे मुलगे किती, मुली किती, जमातीचे किती, भटके किती, ओबीसी किती, खुले किती. पटावर नावं आडनावाप्रमाणे लावलेली, त्यामुळे मास्तर लोक बोट फिरवत, ओठ हलवत मोजत बसायचे आणि बेरीज कधीच जमायची नाही. तरुणपणी, १९९९ साली, भंगाळे सरांना युक्ती सुचली. नावं मुळात त्याच क्रमानं लावली तर? आधी अनुसूचित जाती, मग जमाती, मग भटके, मग ओबीसी, शेवटी खुले. आणि प्रत्येकात आधी मुलगे, मग मुली. गोषवारा दहा मिनिटांत तयार! सगळ्या शाळेनं ही पद्धत उचलली. शेजारच्या दोन शाळांनीही उचलली. शिक्षकांच्या एका मेळाव्यात सरांना शाल आणि नारळ मिळाला. नारळाची सुनंदाबाईंनी चटणी केली.

पुढच्याच वर्षी शाळेचा शिपाई निवृत्त झाला आणि ती जागा जी रिकामी झाली ती आजतागायत भरली गेली नाही. वर्ग आणि व्हरांडा झाडायचा कोणी? पोरांनी. श्रमाचा संस्कार म्हणून ते बरंही दिसे. प्रत्येक वर्गातल्या दोघांनी रोज, हजेरीच्या नंबराप्रमाणं झाडायचं. मागच्या आठवड्यात पाळी कुठं थांबली ते शोधत बसायला नको म्हणून सरांनी अजून एक सोय केली: दर सोमवारी पुन्हा एक नंबरापासून सुरुवात.

या दोन्ही सोयी पंचवीस वर्षं सुखानं एकत्र नांदल्या. दर वर्षी समतेवर निबंध स्पर्धा झाली. समता सप्ताहाआधी पटांगण चकाचक झाडलं गेलं, तेही अर्थात नंबराप्रमाणंच. मधे सर पाच दिवस जळगावला एका प्रशिक्षणाला जाऊन आले. कोणाही मुलाला शाळेत वेगळं वाटू नये, असा काहीतरी विषय होता. सरांना त्यातलं तिसऱ्या दिवशीचं श्रीखंड आठवत होतं. प्रमाणपत्र मात्र त्यांनी लॅमिनेट करून खुर्चीमागं लावलं होतं.

त्या वर्षी डिसेंबरात सरांनी सातवीला स्तंभालेखाचा धडा शिकवला आणि प्रकल्प दिला: शाळेतली कोणतीही माहिती गोळा करा आणि तिचा आलेख काढा. पोरांनी नेहमीचं केलं. कोणी वर्गातल्या उंच्या मोजल्या, कोणी कोणाला कोणती भाजी आवडते ते विचारलं. सुयशनं क्रिकेटच्या धावा काढल्या, त्या बहुतेक स्वतःच्याच होत्या. भूमिका तायडे नावाच्या मुलीनं वर्गात भिंतीला टांगलेली पाळीची वही घेतली आणि जूनपासून कोणी किती वेळा झाडलं त्याचा आलेख काढला.

सरांनी कागद हातात घेतला. डाव्या बाजूला बारा उंच स्तंभ, एका उंचीचे, आखून काढल्यासारखे. उजवीकडे सगळा कागद कोरा.

"भूमिका, आलेख अर्धाच काढलास. बाकीचे चोवीस स्तंभ कुठे?"

"सर, ते शून्य आहेत."

"म्हणजे राहिले काढायचे."

"नाही सर. काढले आहेत. ते शून्य आहेत."

वर्ग हसला. सरही हसले. पोरगी हुशार आहे पण घाई करते, असं मनाशी म्हणत त्यांनी दहापैकी आठ मार्क दिले. अपुऱ्या आलेखाचे दोन कापले. सरांच्या आयुष्यात त्यांनी इतका मोठा मूर्खपणा दुसरा केला नसेल, आणि त्यांनी केलेल्यांची यादी लहान नाही.

शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी रावेरची बस थांबली, थांबा तिथं नसताना. खाकी गणवेशातली कंडक्टर खाली उतरली. ड्रायव्हरला तिनं हातानं 'पाच मिनिटं' अशी खूण केली आणि सरळ ऑफिसात आली. ती भूमिकाची आई, सविता. याच शाळेत शिकलेली, सरांच्याच हाताखाली. तिकिटाच्या बॅगेतून तिनं घडी घातलेला आलेख काढला आणि टेबलावर पसरला.

"सर, मी भांडायले नही आली. भांडायचं असतं तं बसमधले चाळीस लोकं संग आनले असते. मले पोरीचा दाखला पाह्यजे."

"अगं, वर्षाच्या मधे? इतकी हुशार पोरगी. आठ मार्क दिलेत मी तिला."

"दोन कायले कापले?"

"आलेख अपुरा होता."

"अपुरा?" सविताने आलेखावर बोट ठेवलं. "वाचा तं बरं नावं. मोठ्यानं वाचा."

सर वाचू लागले. सुरवाडे, भालेराव, इंगळे, मग भूमिका तायडे, मग दुसरी भालेराव. हे भीमनगर. मग तडवी, तडवी, पावरा, बारेला, पुन्हा तडवी, पावरा, आणि बारावी पुन्हा एक बारेला. ही पलीकडची वस्ती आणि पाडा. इथं स्तंभ संपले. त्यापुढं खाली नावं बारीक अक्षरात नीट लिहिलेली होती, चौधरी, महाजन, पाटील, शेख, पाटील, अग्रवाल, आणि त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. सरांचा आवाज वाचता वाचता बारीक झाला. दोन नंबर रोज, आठवड्याचे दिवस सहा, सहा दुणे बारा. आणि सोमवारी पुन्हा एक. पाढा पहिलीतल्या पोराचा होता. एकोणतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला तो पंचवीस वर्षांत जमला नव्हता.

"सविता, पण कोणाची जात पाहून कोणाच्या हातात झाडू दिला नाही गं. नंबराप्रमाणं पाळी आहे."

"आन नंबर कोनं देला?"

सर आलेखाची घडी घालू लागले. सविताने तो परत उलगडला.

"मी सहा वर्ष चार नंबर व्हती," सविता म्हणाली. "दर मंगळवारी झाडू. मंगळवार आला की माहं पोट दुखे. मले वाटे, नंबरच असा हाये तं कोन काय करीन? आता माही पोरगी बी चार नंबर हाये. तिनं मले हा कागद दाखवला तवा मले समजलं की ते पोट कायनं दुखे."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सविताने उत्तराला खिडकीतून हात हलवला, तो सरांकडे न पाहता.

"मले पंधरा दिवस दे," सर म्हणाले. घाईत त्यांच्या तोंडून घरची भाषा निघाली. "मी दुरुस्त करतो."

"पंधरा दिवसानं शनिवारी माही सुट्टी हाये. तवा येते. दाखला लिहून ठेवजा. दुरुस्त झालं तं झालं, नही तं पोरगी माह्यासंग रावेरले जाईन. पास हाये माह्यापाशी."

ती गेली. बस गेली. सरांनी कपाट उघडून जुन्या पाळीच्या वह्या काढल्या. एरवी त्या कपाटातून काही काढायचं म्हटलं तरी त्यांना दम लागे. पहिल्या वहीवर त्यांच्याच सुबक अक्षरात 'पाळी, नंबराप्रमाणे' असं लिहिलेलं होतं आणि खाली लाल शाईनं दोन रेघा. सरांनी अकरा वह्या पाहिल्या. कोणत्या वर्षी वरची पोरं कमी असली तर एखाद्या भटक्याचा नंबर लागे, जास्त असली तर एखादी बारेला सुटे. बाकी सगळं तसंच. ते कधी कोणाला तोडून बोलले नव्हते. भीमनगरात लग्नाला ते जेवले होते, तडव्यांकडे ईदला शेवया खाल्ल्या होत्या. आपण चांगले आहोत याबद्दल त्यांना पंचवीस वर्षांत एकदाही शंका आली नव्हती, आणि आता ती एकदम आली तर बसायला जागा सापडेना. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी दुपारचं जेवण सोडलं, हे ऐकून सुनंदाबाईंनी डॉक्टरला फोन लावला.

दुरुस्ती करायची म्हणजे फार मोठं काही करायचं नव्हतं, हेच खरं तर लाजिरवाणं होतं. वर्षाच्या मधे हजेरीचे नंबर बदलता येत नाहीत; ते जूनमधे पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे लावायचं ठरवलं. पाळी मात्र सोमवारपासून. मागच्या शनिवारी बारा नंबरावर थांबली होती, तर सोमवारी तेरा.

सोमवारी सरांनी सातवीच्या फळ्यावर १३ आणि १४ लिहिलं. एक नंबर आणि दोन नंबर सवयीनं झाडू आणायला निघालेच होते. त्यांना दारातून परत बोलवावं लागलं. तेरा नंबर, एक चौधरी, उठला, इकडंतिकडं पाहून परत बसला.

"सर, आज सोमवार आहे," तो म्हणाला. सरांना तारखेची आठवण राहत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो खरोखर मदत करत होता.

"सोमवारच आहे. झाड."

"पण सर, तेरावा कधी लागतच नाही!"

"तेच तर चुकलं होतं," सर म्हणाले. "माझं चुकलं होतं. झाड आता."

शिक्षकांच्या खोलीत वेगळाच गोंधळ झाला. सहावीचे आकाश सर, धुळ्याकडच्या सोनगीरचे, वयानं तिशीचे, आलेख पाहून कपाळाला हात लावून बसले. "सर, हाई तं मन्हा ध्यानमाच उनं नही," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "मी तं रोज बठ्ठास्ले नंबर वाची दाखाडस." आपण रोज नंबर वाचून दाखवतो आणि तरी आपल्याला दिसलं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. एका बाईंचं म्हणणं पडलं, की इतक्या लहानशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला. सर म्हणाले, "बाई, लहानशीच आहे. उद्यापासून तुम्ही झाडा." त्यानंतर बाई चर्चेत फारशा उतरल्या नाहीत.

पहिला आठवडा गेला तो पालकांना बातमी पोचायला. पंचवीस वर्षं जो झाडू स्वावलंबन होता, श्रमसंस्कार होता, तो तेरा नंबराच्या हातात गेल्यावर तीन दिवसांत बालमजुरी झाला. एका आईनं पोराच्या दप्तरात धुळीची ॲलर्जी असल्याची चिठ्ठी दिली. हाच पोरगा सुट्टीत धुळीत लोळून कबड्डी खेळे, पण ती धूळ वेगळी असावी. रविवारी संस्थेचे अध्यक्ष सुपडू आबा यांचा निरोप आला: शेतात भरीत आहे, या.

हिवाळ्यात खानदेशी माणसाला भरिताचं बोलावणं नाकारता येत नाही, आणि भंगाळे सरांना तर उन्हाळ्यातही नाकारता आलं नसतं. आबांच्या केळीच्या बागेच्या कडेला काट्याकुट्यांवर हिरवी वांगी भाजत होती. लाकडी ठेचणीनं ती ठेचली गेली, कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. आबांनी सरांना पोटभर खाऊ दिलं. मग विषय काढला.

"अभिमन, माह्या नातवाचा नंबर किती?"

"सुयशचा? एकोणतीस."

"बुधवारी येतो म्हनता त्याचा नंबर."

"येतो."

"माह्या नातवाच्या हाती झाडू?"

"नंबराप्रमाणं आहे, आबा."

"नंबराप्रमाणं तं पहिलेबी व्हतं! तवा कोनी काही बोललं?"

"तेव्हा कोण झाडत होतं आबा?"

आबांनी पुरीचा तुकडा मोडला आणि तो बराच वेळ चावला. आबा वाईट माणूस नव्हते. शाळेसाठी जमीन त्यांच्या वडिलांनी दिली होती, आणि ते ती दर भाषणात देत. त्यांनी तोडगा काढला. "हे पाय, पोरायच्या हाती झाडूच नको. कोनाच्याच नही. आपुन एक बाई लावू झाडायले. तिचं काय द्यायचं ते मी देतो."

सरांच्या पोटात भरीत होतं आणि समोर सुटकेचा रस्ता होता. पाळी गेली, आलेख गेला, सगळं शांत. आयुष्यभर त्यांनी असलेच रस्ते शोधले होते. त्यांच्या तोंडात 'हो' आलंच होतं.

"कोणती बाई लावायची?" त्यांनी फक्त सहज विचारलं.

"भीमनगरातली लावू ना कोनी," आबा म्हणाले. "दुसरं कोन येईन?"

सरांनी हात धुतले. "आबा, भरीत फक्कड झालं," ते म्हणाले. "पण बुधवारी एकोणतीसच."

आबांनी त्यांना निवृत्तीच्या कागदांवर सही कोणाची लागते याची आठवण करून दिली. सर म्हणाले, सही तुमचीच लागते, आणि वांग्याच्या वासानं ढेकर देत घरी गेले. घरी जाऊन मात्र त्यांनी दोन वेळा रक्तदाब मोजला. ते धीट माणूस नव्हते, आणि एका रविवारात होणारही नव्हते.

बुधवारी सुयश आलाच नाही. त्याच्या जोडीला तीस नंबर होती, मिसबाह शेख, गावातल्या शिंप्याची मुलगी. तिनं वर्ग आणि व्हरांडा यांचा बरोब्बर अर्धा भाग झाडला, खांबापासून खांबापर्यंत, आणि रेषेवर झाडू ठेवून दिला. "अर्धा त्याचा आहे," ती म्हणाली. सरांनी मान डोलावली. पाळी पुढं सरकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ज्याची राहिली त्याची राहिली.

गुरुवारीही सुयश नाही. मिसबाह आपला अर्धा भाग रोज झाडून काढी. व्हरांड्याचा त्याचा अर्धा भाग दिवसेंदिवस रंगत गेला. खिचडीची शितं सांडली, शेळ्या येऊन गेल्या, शुक्रवारी कोणाची तरी शाईची बाटली फुटली. आकाश सर दिवसातून दोनदा येऊन म्हणत, "सर, एकतीस-बत्तीसकडून झाडून घेऊ ना. उद्या कोणी तपासायला आलं तर?" सर म्हणत, "आलं तर त्याला आलेख दाखवू." बोलायला सोपं होतं, पण घंटेजवळच्या खुर्चीवर बसून सरांना तो कचरा समोरच दिसे आणि शनिवार जवळ येई. सविता येणार, आणि तिला काय दिसणार? अर्धा घाण व्हरांडा आणि न आलेला एकोणतीस. दुरुस्त झालं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? सरांनी शुक्रवारी दुपारी दाखला लिहिला आणि सही केली. सही करताना त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी शाई वाळवण्याच्या निमित्तानं कागदावर बराच वेळ फुंकर मारली.

शाळा सुटताना भूमिका ऑफिसच्या दारात आली.

"सर, मी झाडून टाकू का तो? दोन मिनिटांचं काम आहे. मला सवय आहे."

"खबरदार झाडूला हात लावलास तर!" सर इतक्या जोरात ओरडले की पोरगी दचकून मागं सरली. सर तिला आजवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "तसं नाही बेटा," ते घाईनं म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. तुला सवय आहे, हे माझं चुकलंय." तिला ते किती कळलं कोण जाणे. ती मान हलवून निघून गेली. सर मात्र बसून राहिले. अडीच वर्षांत आपण या पोरीला नेमकं काय शिकवलं, ते आज तिनं स्वतःहून, आनंदानं म्हणून दाखवलं होतं, आणि त्यात गणित कुठंच नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. सविता साडी नेसून आली. खाकीत नसल्यामुळं ती सरांना एकदम त्यांची जुनी विद्यार्थिनी वाटली, आणि त्यामुळं जास्तच अवघड झालं. ती व्हरांड्यातून आली होती. तिनं स्वच्छ अर्धा पाहिला होता आणि घाण अर्धाही.

"तीन दिवसांपासून सुयश आला नाही," सर म्हणाले. "मी दुसऱ्याकडून झाडून घेतलं नाही. एवढंच झालं माझ्याच्यानं." त्यांनी दाखला पुढं केला. कारण सांगायला, मुदत वाढवून मागायला त्यांच्याकडे बरंच काही होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

सविताने दाखला वाचला, नाव, जन्मतारीख, सगळं, तिकीट तपासावं तसं, आणि घडी न घालता हातात धरला. "बरं," ती म्हणाली. "पोरीले बोलावते."

ती व्हरांड्यात आली, आणि त्याच वेळी फाटकातून सुयश आला. धावत, मागं वळून पाहत, मातीनं माखलेला. तीन दिवस शाळेतल्या बालमजुरीपासून वाचवण्यासाठी आबांनी त्याला बागेत ठेवलं होतं, आणि रिकामा कशाला बसवायचा म्हणून ठिबकच्या नळ्या ओढायला लावलं होतं. शनिवारी सकाळी आबा रावेरला गेले आणि पोरगा पळत सुटला.

"मी झाडतो, सर!" तो म्हणाला. "पन मले पुन्हा बागेत नका पाठवू."

मिसबाहनं झाडू आणून त्याच्या हातात दिला. पोरं जमली. तेरा वर्षांच्या सुयशनं आयुष्यात पहिल्यांदा झाडू धरला, तो उभा, बॅटसारखा, दोन्ही हातांनी, आणि एक फटका मारला. शितं उडून आकाश सरांच्या पँटीवर बसली. पोरं हसली. त्यानं दुसरा मारला. कचरा होता तिथून दोन हात पलीकडं गेला आणि स्वच्छ अर्ध्यात जाऊन पडला. मिसबाह किंचाळली.

सुयश कानापर्यंत लाल झाला. वर्गाच्या दारात भूमिका उभी होती. त्यानं झाडू तिच्यापुढं केला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. तिला येतं हे त्याला माहीत होतं, एवढंच.

"ए भूमिका, मले नही जमू राहिलं. तूच टाक ना करून."

भूमिकाचा हात पुढं आला. सर खुर्चीवरून अर्धे उठले. सविता जागच्या जागी थांबली. मग भूमिकानं तो हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातासकट पाठीमागं धरला.

"नही," ती म्हणाली. "माह्या पाळ्या झाल्या. माह्या मायच्या बी झाल्या."

पोरं हसायची थांबली. सुयशनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या आईकडं पाहिलं, आणि झाडू खाली टेकवला.

"खाली वाक," भूमिका म्हणाली. "एका हातानं धर. कोपऱ्यापासून."

तो वाकला. सविता पुढं येऊन म्हणाली, "चाल भूमिका, दप्तर घे," पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"थांब ना आई," भूमिका म्हणाली. "मले पाहू दे."

मायलेकी पायरीवर बसल्या आणि सुयशनं आपला अर्धा व्हरांडा झाडून संपवेपर्यंत उठल्या नाहीत. त्याला पाऊण तास लागला. मग सविताने दाखला सरांच्या हातात परत दिला आणि ती घरी गेली. भूमिका वर्गात गेली.